सहा वाक्यांची भूमिका आणि तालमीची वही

पत्र: मी नववीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या शाळेत नाटकाचा वेगळा तास नसतो, मराठीच्या बाई दरवर्षी एक एकांकिका बसवतात. यंदा आंतरशालेय स्पर्धा दीड महिन्यावर आली आहे, वेळेची मर्यादा ३५ मिनिटं. मला मुख्य भूमिका हवी होती, पण बाईंनी शेजारणीची दिली. एकूण सहा वाक्यं! घरात जमिनीच्या कागदावर सही करण्यावरून भांडण चाललेलं असतं आणि मी येऊन म्हणते, 'वहिनी, टँकर आलाय. हंडे घेऊन चला लवकर.' बाई म्हणतात, आवाज मागे पोचत नाही. ओरडले की घसा बसतो. वर्गातली मुलं म्हणतात, तुझी भाषा गावाकडची आहे. बाबा म्हणतात, यंदा हवं तर कर, दहावीत नाटक बंद. मला पुढे नाटकच शिकायचं आहे. जवळच्या शहरात तीन दिवसांचं अभिनय शिबिर आहे, फी बारा हजार, मालिकेत काम मिळेल असं सांगतात. जाऊ का? आणि घरी राहून काय शिकता येईल?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

शिबिराचं आधी, कारण तिथे बाबांचे पैसे जाणार आहेत. जाऊ नकोस. तीन दिवसांत आवाज घडत नाही आणि अंगही मोकळं होत नाही. मालिकेत काम देणं शिबिर घेणाऱ्याच्या हातात नसतं. ते निर्माते आणि कलाकार निवडणारे ठरवतात, आणि खऱ्या निवडचाचणीला फी नसते. फीच्या पावतीबरोबर कामाचं आश्वासन मिळत असेल तर तिथून सरळ परत फिरायचं. चांगल्या शिबिरात शिकवणारा माणूस आपण कुठली नाटकं केली ते नावानिशी सांगतो, गटात वीस-पंचवीसच मुलं असतात, रोज शरीर आणि आवाजावर काम होतं आणि ते निदान दहा-पंधरा दिवस चालतं. असं काही मे महिन्याच्या सुट्टीत मिळालं तर जरूर जा. तोवर तुझ्या शाळेतच शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आवाजाबद्दल बाई म्हणतात ते खरं आहे आणि तू म्हणतेस तेही. घाईत श्वास छातीच्या वरच्या भागात घेतला जातो, खांदे उचलले जातात, मानेचे स्नायू ताठ होतात आणि सगळा भार घशावर येतो. मग आवाज मोठा होण्याऐवजी चिरका होतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कोणीतरी ओरडतंय एवढं कळतं, काय म्हणतंय ते कळत नाही.

रोज सकाळी वीस मिनिटं काढ. सतरंजीवर उताणी झोप, गुडघे वाकव, पोटावर मराठीचं पाठ्यपुस्तक ठेव. नाकाने श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे आणि खांदे जमिनीला टेकलेलेच राहिले पाहिजेत. चार आकडे मोजत श्वास घे, दोन आकडे थांब, मग 'स्स्स' असा एकसारखा आवाज काढत सोड. सुरुवातीला बारा-पंधरा सेकंदांत दम संपेल. रोज केलंस तर महिनाभरात वीस-पंचवीसपर्यंत जाता येतं. सेकंद वाढवायच्या नादात शेवटी जोर लावून ओढू नकोस, आवाज थरथरायला लागला की थांब. मग उठून बस आणि ओठ मिटून दोन मिनिटं गुंजन कर. ओठांना आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक झिणझिण्या जाणवायला हव्यात. जाणवत नसतील तर जबडा आवळलेला आहे. ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांपासून सुटे ठेव. उरलेल्या वेळात पुस्तकातला एकच परिच्छेद तीनदा वाच. पहिल्यांदा आवाज न काढता, ओठ आणि जीभ मुद्दाम जास्त हलवत. दुसऱ्यांदा अगदी सावकाश, प्रत्येक व्यंजन वाजवत. तिसऱ्यांदा नेहमीसारखा. कुजबुजत मात्र वाचू नकोस, त्यानेही घशावर ताण येतो. तालमीनंतर घसा दुखला तर त्या दिवशी काहीतरी चुकलं असं समज. आणि आवाज बसून दोन आठवडे झाले तरी सुटला नाही तर काढे आणि खडीसाखर बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं.

आता वाक्याच्या शेवटाकडे लक्ष दे. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं आणि दमही शेवटीच संपतो, त्यामुळे नेमका अर्थाचा शब्द गिळला जातो. तुमच्याच एकांकिकेतली वहिनी 'मी सही करणार नाही' म्हणताना 'नाही' गिळून बसली, तर मागच्या प्रेक्षकाच्या लेखी तिने सही करायचं कबूल केलं! तुझ्या वाक्यात हा धोका 'आलाय' आणि 'लवकर' या दोन शब्दांना आहे. श्वास वाक्याच्या आधी घे आणि शेवटच्या शब्दापर्यंत शिल्लक राहील असा वापर. शेवटचा शब्द जोरात म्हणायची गरज नाही, तो अख्खा म्हणायचा.

हे जमतंय की नाही, हे स्वतःला कळत नाही. मैत्रिणीला शेवटच्या रांगेत वही-पेन देऊन बसव, रंगमंचाकडे पाठ करून. चेहरा दिसला की माणूस ओठांवरून शब्द ओळखतो, म्हणून पाठ. ऐकू आलं तेवढंच तिने लिहायचं. दोन-तीनदा केलंस की कुठले शब्द गळतात ते तिच्या वहीत दिसेल, आणि बहुतेक दर वेळी तेच शब्द असतील. ही चाचणी एकदा पंखे चालू ठेवून कर. शाळेच्या हॉलमधले जुने पंखे किती शब्द खातात ते बघण्यासारखं असतं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे मोठा वाटतो पण शब्द एकमेकांत मिसळतात. हॉल माणसांनी भरला की अंगावरचे कपडे आवाज शोषून घेतात आणि तोच आवाज बारीक वाटू लागतो. तालमीत जेमतेम पोचणारा आवाज प्रयोगात पोचत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आणि मान! समोरच्या पात्राशी बोलताना पूर्ण तिच्याकडे वळलीस तर आवाज विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशात जातो. पाय आणि धड थोडं प्रेक्षकांकडे ठेवून तिरकी उभी राहा, नजर तिच्याकडे असू दे.

भाषेवरून हसणाऱ्या मुलांचं मनावर घेऊ नकोस. ज्या घरासमोर टँकर येतो त्या गल्लीतली शेजारीण छापील मराठी बोलली तर ती खोटी वाटेल. तुझ्या बोलीचा हेल, तुझं 'पानी' हे त्या भूमिकेचं भांडवल आहे. वहिनी कुठली, नवरा कुठला, हे बाईंना विचारून सगळ्यांची भाषा एकदा ठरवून घ्या, म्हणजे एकाच घरात तीन गावं दिसणार नाहीत. पण नटाला दोन्ही यायला हवं, हेही तितकंच खरं. उद्या शहरातल्या डॉक्टरची भूमिका आली तर 'पाणी' स्पष्ट म्हणता आलं पाहिजे. म्हणून रोजच्या वाचनात ण आणि न, ळ आणि ल, 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च हे वेगळे काढायचा सराव ठेव.

आता ती सहा वाक्यं. मुख्य भूमिका हवी असताना छोटी मिळाल्याचं वाईट वाटणारच. तरी तुझ्या पहिल्या वाक्यात काय काय आहे ते बघ. शेजारीण कुठून येते? रस्त्यावरून, रिकामा हंडा कमरेवर घेऊन, बहुधा पळत. तिला काय हवंय? रांगेतला नंबर जाऊ नये, आणि वहिनीलाही पाणी मिळावं. दारात आल्यावर काय दिसतं? दोघं गप्प, टेबलावर कागद, वहिनीचा चेहरा लाल. म्हणजे 'वहिनी' ही हाक बाहेरच्या वेगाने येईल, आत पाऊल पडताच वेग तुटेल. 'टँकर आलाय' खालच्या पट्टीत, इकडे-तिकडे बघत. आणि 'हंडे घेऊन चला लवकर' म्हणताना तिच्या मनात पाणी राहिलेलंच नाही, तिला वहिनीला त्या खोलीतून बाहेर काढायचंय. एका ओळीत तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने एक क्रियापद लिही: बोलावते, चाचपते, सोडवते. 'रागाने', 'दुःखाने' असं लिहू नकोस. राग दाखवायला गेलं की भुवया आणि आवाज चढतात आणि बाकी काहीच घडत नाही. समोरच्याला काय करायला लावायचंय हे लिहिलं की राग आपोआप यायचा तेवढा येतो.

प्रवेश विंगेतच सुरू होतो, हे मुलांना कोणी सांगत नाही. आधीच्या वाक्याचे शेवटचे शब्द ऐकून तू जागची हललीस तर दारात पोचेपर्यंत रंगमंचावर दोन सेकंदांचं भगदाड पडतं. विंगेत चार पावलं मागे उभी राहा आणि ते शब्द यायच्या आत चालायला लाग. किती आधी, हे तालमीत मोजून ठरव. दम लागलेला दिसायला हवा असेल तर विंगेत जागच्या जागी वीस-तीस उड्या मार, पण वाक्याआधीचा श्वास राखून. आणि बोलून झाल्यावर पुतळा होऊ नकोस. नवं काम करणारी मुलं आपलं वाक्य संपलं की दिवा विझल्यासारखी उभी राहतात. वहिनी बोलत असताना ऐक. ती 'येते' म्हणेल की नाही, हे तुला आधीच माहीत आहे असं वागू नकोस.

पाठांतराबद्दल एक इशारा. आपल्याकडे वक्तृत्व आणि कथाकथनाच्या स्पर्धांतून मुलांच्या तोंडी एक चाल बसते: वाक्याच्या मध्यावर आवाज चढवायचा, शेवटी लांबवायचा, प्रत्येक नामाला एक हात. नाटकात ही चाल भयंकर खोटी दिसते आणि एकदा बसली की निघता निघत नाही. म्हणून वाक्यं अगदी सपाट, बाजाराची यादी वाचावी तशी पाठ कर, आणि स्वतःच्या वाक्याबरोबर आधीच्या पात्राचे शेवटचे तीन-चार शब्दही पाठ कर. हालचाली ठरल्यावर पाठांतर केलंस तर उत्तम. 'इथे हंडा खाली ठेवते' हे शरीराला आठवलं की वाक्य मागोमाग येतं.

सहा वाक्यांमुळे तुझ्याकडे एक गोष्ट उरते जी मुख्य भूमिकेतल्या मुलीकडे नसेल: वेळ. त्या वेळात बाईंकडून तालमीची वही, म्हणजे हालचाली आणि प्रकाश-ध्वनीच्या सूचना टिपायची वही, सांभाळायचं काम मागून घे. आम्ही तुला देत असलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत मोलाचा आहे. अभिनय हा नाटकाचा एक भाग. वही ज्याच्या हातात असते त्याला अख्खं नाटक कळतं.

दोनशे पानी फुलस्केप वही घे. डाव्या पानावर संहितेच्या छायाप्रतीचं एक-एक पान चिकटव, उजवं पान कोरं ठेव. सगळं पेन्सिलीने लिहायचं, कारण तालमीत ठरलेलं निम्मं बदलतं. उजव्या पानावर रंगमंचाचा छोटा आयत काढ आणि कोण कुठून कुठे जातं ते बाणाने दाखव. डावं-उजवं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं धरायचं, नाहीतर बाई समोरून 'डावीकडे जा' म्हणतात आणि अर्धी मुलं विरुद्ध बाजूला जातात. प्रकाशाच्या बदलांना प्र. १, प्र. २ आणि ध्वनीला ध्व. १, ध्व. २ असे क्रमांक दे. तुमच्या नाटकात टँकरचा हॉर्न ध्व. ३ असेल असं धरू. ज्या शब्दावर तो वाजायचा त्या शब्दाखाली रेघ मार, आणि साधारण अर्ध्या पानाआधी 'ध्व. ३ तयार' असं लिही. ध्वनीच्या मुलाला आधी 'तयार' ऐकू आलं तरच तो वेळेवर बटण दाबतो. फक्त 'वाजव' म्हटलं तर हॉर्न शेजारणीच्या वाक्यावर येऊन बसतो. तू स्वतः रंगमंचावर असताना वही सांभाळायला एक जण आधीच ठरवून त्यालाही तालमीत बसव.

वहीच्या मागच्या पानांवर वस्तूंची यादी कर: हंडे दोन, जमिनीचा कागद, पेन, चष्मा. प्रत्येकीपुढे ती कोण आणतं, कुठल्या बाजूच्या विंगेतून येते आणि प्रवेश संपल्यावर कुठे राहते ते लिही. विंगेत एका टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्रत्येक वस्तूच्या जागी पेनाने चौकट आखून नाव लिहायचं. प्रयोगाआधी टेबलाकडे एक नजर टाकली की रिकामी चौकट लगेच दिसते. पेन हरवणं ही सर्वांत नेहमीची गोष्ट आहे. कोणीतरी सही करायला नेतं आणि खिशात ठेवतं. नाटकातलं पेन वेगळ्या रंगाचं ठेवा.

दीड महिना म्हणजे सहा आठवडे. बाईंचा आराखडा वेगळा असेल तर तो पाळ. नसेल तर त्यांना हा सुचव. पहिला आठवडा गोल बसून नुसतं वाचन, घाई न करता, न कळलेला प्रत्येक शब्द विचारत. दुसरा आणि तिसरा हालचाली बसवण्याचा. त्याआधी स्पर्धेच्या रंगमंचाची लांबी-रुंदी फोनवरून विचारून घ्या आणि शाळेच्या मैदानावर फक्कीने तेवढाच चौकोन आखा. हे केलं नाही तर वर्गाएवढ्या जागेत बसवलेलं नाटक मोठ्या रंगमंचावर हरवल्यासारखं दिसतं, किंवा उलट, मुलं एकमेकांना झाकत ओळीने उभी राहतात. चौथ्या आठवड्यापासून हातातलं पुस्तक बंद. या आठवड्यात सगळं बिघडल्यासारखं वाटतं, ते तसंच वाटायचं असतं, घाबरू नका. विसरलं तर थांबून 'वाक्य' एवढंच म्हणायचं आणि वहीवाल्याने पुढचे तीन शब्द सांगायचे. पाचव्या आठवड्यात प्रवेश सलग जोडायचे आणि कुणी विसरलं तरी न थांबता सावरायचं. विंगेतून शब्द सांगण्यावर भरवसा ठेवू नका, कारण ते पहिल्या चार रांगांना स्वच्छ ऐकू येतं. सहाव्या आठवड्यात एक तांत्रिक तालीम, जिथे नट फक्त प्रकाश-ध्वनीच्या जागांवर येतात आणि बाकी वाक्यं गाळतात, आणि निदान दोन रंगीत तालमी, पूर्ण कपड्यांत. हंडा कमरेवर घेऊन साडीत पळणं पहिल्यांदा प्रयोगातच करायची वेळ येऊ देऊ नकोस.

वेळ घड्याळ लावून मोजा. मर्यादा ३५ मिनिटांची असेल तर तालमीत नाटक ३१-३२ मिनिटांत संपलं पाहिजे. परक्या ठिकाणी विंगा लांब असतात, अंधारात वस्तू सापडत नाहीत, प्रेक्षक हसले तर थांबावं लागतं. नेपथ्य लावायचा वेळ मर्यादेत धरला आहे की वेगळा, ते नियमपत्रकात बघा. नाटक जास्त होत असेल तर भरभर बोलून वेळ वाचवू नका. प्रवेशांमधले अंधार कमी करा, एखादा उतारा कापा.

स्पर्धा शाळेबाहेर आहे, म्हणून एक कागदी काम आहे. शाळेच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच सूट आहे. बाहेरच्या स्पर्धेत नेलं की लेखकाची लेखी परवानगी हवी. बऱ्याच स्पर्धा त्याशिवाय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्रही मागतात. ते यायला दिवस लागतात, म्हणून बाईंना या आठवड्यातच आठवण कर. उतारा कापायचा तरी लेखकाला विचारावं.

दिव्यांचं काम मोठ्यांच्या देखरेखीशिवाय करू नका, पण हिशोब तुला यायला हवा. विज्ञानात शिकलेलंच आहे. हजार वॉटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर वीज घेतो. वर्गातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर असा एकच दिवा चालतो, दुसरा जोडला की फ्यूज जातो किंवा वायर तापते. १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवर तीन चालतात, चौथा नाही. हॅलोजनवर रंगीत जिलेटिन कागद गुंडाळायची पद्धत अनेक शाळांत आहे. तो कागद पेट घेतो. दिवे भाड्याने देणाऱ्यांकडे उष्णता सोसणारे रंगीत फिल्टर मिळतात, तेच वापरा किंवा एलईडी दिवे घ्या, ते कमी तापतात. दिवे नटाच्या डोक्यावर सरळ असले तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो. समोरून, दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांच्या कोनात आले की चेहरा दिसतो.

रंगभूषेत काजळ आणि लिपस्टिक एकमेकींची वापरू नका, नवीन रंग आदल्या दिवशी कानामागे लावून बघा, प्रयोगानंतर खोबरेल तेलाने पुसून मग चेहरा धुवा. एवढं पुरे.

घरी अभ्यासाला नाट्यछटेइतकी चांगली गोष्ट नाही. एकच पात्र बोलतं, समोरचा दिसत नाही, पण त्याचं बोलणं या पात्राच्या उत्तरांतून कळतं. दिवाकरांनी म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकार मराठीत रुजवला. त्यांचं निधन १९३१ साली झालं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या नाट्यछटा करायला परवानगी लागत नाही. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक असण्याची बरीच शक्यता आहे. एक निवड, दोन-तीन मिनिटांची. करताना अदृश्य माणूस कुठे उभा आहे ती जागा भिंतीवर खडूने खूण करून पक्की कर, त्याची उंची ठरव. आणि तो बोलत असताना खरोखर थांब. त्याची न लिहिलेली वाक्यं वहीत लिहून काढ आणि मनात म्हण, म्हणजे थांबण्याची लांबी आपोआप बरोबर येते. महिन्याला एक केलीस तरी वर्षात बारा होतील, आणि पुढे कुठल्याही प्रवेश परीक्षेत एकपात्री सादर करायची वेळ येते तेव्हा तुझ्याकडे निवड असेल.

आता बाबा. ते चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त सरसकट बोलतायत. त्यांच्यापुढे वर्षाचं वेळापत्रक कागदावर मांड. दहावीत मोठी भूमिका आणि रोजच्या तालमी नकोत, हे तू आधीच मान्य कर. दिवाळीपर्यंत सकाळची वीस मिनिटं आवाज आणि महिन्याला एक नाट्यछटा. दिवाळीनंतर पूर्वपरीक्षा आणि मग बोर्डाची परीक्षा होईपर्यंत फक्त श्वासाचा सराव, तो अभ्यासालाही बरा. बाबांना गुणांची भाषा कळत असेल तर हेही सांग: शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला, नाट्य आणि चित्रकला यांत ठरलेली पात्रता मिळवलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना बोर्ड वाढीव गुण देतं. प्रस्ताव शाळेमार्फत, ठरलेल्या मुदतीत जातो. नाट्यासाठी कुठल्या स्पर्धा आणि कुठला स्तर धरतात याच्या अटी शासन निर्णयात असतात आणि त्या बदलत आल्या आहेत. मुख्याध्यापकांकडून चालू वर्षाचं परिपत्रक मागून स्वतः वाच. स्नेहसंमेलनातलं काम त्यात धरतील असं गृहीत धरू नकोस. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचा मात्र विचार कर. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर गुण मिळतात, आणि पुढे नेपथ्याचा आराखडा काढायला तोच हात कामाला येतो.

दहावीनंतर शाखा कुठलीही घे, नाटकाची वाट त्याने बंद होत नाही. तुला सर्वांत जवळ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकात बीए करता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. मुंबई विद्यापीठाच्या नाट्यकला अकादमीत पदव्युत्तर शिक्षण मिळतं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि अर्ज करणाऱ्याकडे नाटकांत काम केल्याचा अनुभव असावा लागतो. म्हणजे घाई नाही. कॉलेजात गेल्यावर पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा आहेत. पुण्याची ही स्पर्धा १९६३पासून चालू आहे आणि तिथे पडद्यामागे काम करणारी मुलंही तितकीच लागतात.

त्या अनुभवाचा पुरावा आजपासून जमव. एक फाइल कर. त्यात प्रत्येक प्रयोगाची छापील पत्रिका, प्रमाणपत्राची प्रत, दोन-तीन फोटो आणि एका कागदावर नाटक, लेखक, दिग्दर्शक, तारीख, ठिकाण आणि तुझं काम लिही. 'शेजारीण' आणि त्याखाली 'तालमीची वही, ध्वनी-प्रकाश सूचना' असं दोन्ही. यंदाच्या पत्रिकेचं कच्चं प्रूफ बाईंकडून मागून बघ, त्यात तुझं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच छापलं जातंय ना, आणि पडद्यामागच्यांची नावं गाळलेली नाहीत ना.